वरातीमागून घोडे

नागरिकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात राज्यसत्तेच्या तीन शाखांचे चित्र असते. कायदे करणारे विधिमंडळ, ते अंमलात आणणारे कार्यकारी मंडळ आणि त्यांचा अर्थ लावणारे न्यायमंडळ. हे चित्र फळ्यावर काढून मुलांना समजावून देण्यात आम्ही आयुष्याची काही वर्षे घालविली आहेत, आणि मुलांना ते समजते असाच आमचा अनुभव आहे. त्या चित्रात एक गोष्ट मात्र दाखविता येत नाही, आणि ती म्हणजे क्रम. कायदा आधी व्हावयाचा, अंमल त्याच्या मागून यावयाचा, आणि दोहोंपैकी कोणी मर्यादा ओलांडली तर न्यायालयाने त्यास वेळीच अडवावयाचे. तिन्ही शाखा आपापल्या इमारतीत सुखरूप नांदत असतानाही हा क्रम उलटू शकतो. तो उलटला म्हणजे सत्तेची विभागणी कागदावर राहते आणि सत्ता एकाच हाती जाते. हे सांगावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. आपल्याच महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात टेंभली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे हा क्रम कसा उलटला याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बुधवार, दि. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग आणि श्रीमती सोनिया गांधी टेंभलीस आले. देशातील पहिला आधार क्रमांक या गावातील एका कष्टकरी स्त्रीच्या हाती देण्यात आला. नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला, बहुसंख्य आदिवासी वस्तीचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील दर शंभर माणसांत जवळजवळ सत्तर अनुसूचित जमातींची आहेत. ज्यांच्यापाशी जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, सात-बाराच्या उताऱ्यावर नाव नाही, त्यांना सरकारदरबारी निदान एक ओळख मिळावी, हा त्या समारंभाचा अर्थ असल्याचे सांगितले गेले. हा हेतू खोटा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उसाच्या तोडणीला गुजरातेत जाणाऱ्या, वर्षातील काही महिने घराबाहेर काढणाऱ्या मजुराला आपण कोण आहोत हे दर नाक्यावर सिद्ध करावे लागते. त्याच्या खिशात एखादा पक्का पुरावा असणे ही सोयीची गोष्ट आहे. तेव्हा क्रमांक चांगला की वाईट, हा आजचा आमचा प्रश्न नव्हे.

आमचा प्रश्न निराळा आहे. त्या बुधवारी टेंभलीच्या लोकांच्या दहाही बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा सरकारजमा झालेल्या होत्या. त्या कोणत्या कायद्याने? याचे उत्तर, कोणत्याही कायद्याने नव्हे, असे आहे. हे काम करणारे भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण २८ जानेवारी २००९ च्या एका अधिसूचनेने, नियोजन आयोगाचे एक संलग्न कार्यालय म्हणून स्थापन झालेले होते. संसदेने त्यासंबंधी एक ओळही संमत केलेली नव्हती. विधेयक राज्यसभेत मांडले गेले ते ३ डिसेंबर २०१० रोजी, म्हणजे टेंभलीचा मांडव उतरून दोन महिने लोटल्यावर. आपल्याकडे यासाठी एक म्हण आहे, आणि ती आम्ही शीर्षकातच योजिली आहे. वरात पुढे गेली. घोडे मागून आले. त्यातही विशेष असा की हे घोडे मुक्कामाला पोचण्यास पुढे साडेपाच वर्षे लागली.

कोणी म्हणेल, पैसा तर संसदेनेच दरवर्षी अंदाजपत्रकात मंजूर केला होता. मग संसदेची संमती नव्हती असे कसे म्हणावे? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. मागणीच्या लांबलचक यादीत एक रक्कम मंजूर होणे निराळे आणि नागरिकाच्या शरीरावरील खुणा कोणी घ्याव्यात, किती काळ ठेवाव्यात, कोणाला दाखवाव्यात, त्या हरवल्या तर जबाबदार कोण, हे कलमाकलमाने ठरविणे निराळे. पहिल्याने खर्च करण्याची मुभा मिळते. दुसऱ्याने नागरिकाला हक्क मिळतो. टेंभलीच्या माणसांपाशी त्या दिवशी क्रमांक होता, पण त्या क्रमांकासंबंधी तक्रार नेण्याचे कायद्याने नेमलेले एकही ठिकाण नव्हते.

या ठिकाणी अमेरिकेची आठवण होणे साहजिक आहे. सत्तेच्या विभागणीचा सिद्धान्त माँतेस्क्यू या फ्रेंच पंडिताने १७४८ साली मांडला आणि १७८७ साली फिलाडेल्फिया येथे जमलेल्या मंडळींनी त्यावर एक अख्खे राज्य उभारले. त्यांच्या घटनेचा पहिला अनुच्छेद काँग्रेसविषयी, दुसरा अध्यक्षांविषयी, तिसरा न्यायालयाविषयी. अध्यक्ष काँग्रेसमध्ये बसत नाहीत, काँग्रेसच्या विश्वासावर जगत नाहीत. उलट काँग्रेसही त्यांना घरी पाठवू शकत नाही, महाभियोगाचा अपवाद वगळता. अध्यक्षांनी विधेयक नाकारले तर दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत करावे. मॅडिसन यांनी या मांडणीचे मर्म असे सांगितले की माणसे देवदूत नसल्यामुळे एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने पायबंद घातला पाहिजे. मनुष्यस्वभावाची इतकी रोखठोक परीक्षा राज्यशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच आढळते.

ही यंत्रणा चालते कशी याचा नमुना १९५२ सालचा आहे. कोरियात युद्ध चालू होते. पोलाद कारखान्यांतील कामगार संपाच्या बेतात होते. पोलाद थांबले तर रणांगणावर दारूगोळा थांबेल या भीतीने अध्यक्ष ट्रूमन यांनी ८ एप्रिल रोजी एक हुकूम काढून देशातील पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. काँग्रेसने तसा अधिकार त्यांना दिलेला नव्हता. मालक न्यायालयात गेले. २ जून रोजी, म्हणजे आठ आठवड्यांच्या आत, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की कायदा करणे हे काँग्रेसचे काम आहे आणि अध्यक्ष स्वतःच्या सहीने कायदा निर्माण करू शकत नाहीत. त्या पीठावरील नऊही न्यायमूर्ती ट्रूमन यांनी किंवा त्यांच्याच पक्षाच्या रूझवेल्ट यांनी नेमलेले होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ट्रूमन यांनी कारखाने परत केले. युद्ध चालू असताना, लोकांनी निवडून दिलेल्या अध्यक्षाने, एका कागदाने घेतलेली वस्तू दुसऱ्या कागदाने परत केली.

आपण ही मांडणी स्वीकारली नाही, आणि ती अजाणता नाकारली असेही नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली होती. अमेरिकन पद्धतीत कार्यकारी मंडळाला स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत त्याची जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेत कारभाराचा हिशेब मुदतीनंतर मतदार मागतात. येथे तो रोजच्या रोज सभागृहात, प्रश्नोत्तरांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या प्रस्तावांनी मागितला जाईल, हा त्यांचा भरवसा होता. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही सत्तांची संपूर्ण फारकत घटनेत स्पष्ट लिहावी अशी दुरुस्ती आणली. ती फेटाळली गेली. आम्हांस तेव्हाचा निर्णय चुकीचा वाटत नाही. परंतु त्या निर्णयाची सारी भिस्त एका गृहीतावर होती: सभागृह खरोखरच रोजच्या रोज हिशेब मागेल. ज्या मंत्रिमंडळाचे लोकसभेत बहुमत असते त्याला लोकसभेने जाब विचारावयाचा म्हणजे उजव्या हाताने डाव्या हाताची झडती घ्यावयाची. गृहीत ढासळले की ब्रिटिश पद्धतीची जबाबदारीही उरत नाही आणि अमेरिकन पद्धतीची फारकत तर मुळातच नसते.

सरकारने टेंभलीत जे केले त्याला कायद्याचा आधार अजिबात नव्हता असे सरकार कधीच मानीत नव्हते. त्याचा आधार १९५५ सालच्या एका निकालात आहे, आणि तो निकाल, योगायोगाने, शाळेच्या क्रमिक पुस्तकांचा आहे. पंजाब सरकारने क्रमिक पुस्तके छापण्याचा व विकण्याचा व्यवहार, कोणताही कायदा न करता, केवळ आदेश काढून आपल्या हाती घेतला. धंदा बुडालेले प्रकाशक सर्वोच्च न्यायालयात आले. रामजवाया कपूर विरुद्ध पंजाब राज्य या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. सरन्यायाधीश मुखर्जी यांच्या पीठाने सांगितले की आपल्या घटनेने सत्ताविभाजनाचे तत्त्व त्याच्या पूर्ण ताठरपणासह स्वीकारलेले नाही. ज्या विषयावर विधिमंडळ कायदा करू शकते त्या विषयात कार्यकारी मंडळ कायद्याची वाट न पाहताही पाऊल टाकू शकते. प्रकाशक हरले. अमेरिकेत पोलाद कारखानदार जिंकले त्याला तीनच वर्षे झाली होती.

दोन देशांतील दोन निकालांची ही तफावत मोठी आहे. परंतु आपल्या निकालाचे दुसरे अर्धे वाक्य सरकारे सोयीस्करपणे विसरतात. नागरिकाच्या हक्कावर आक्रमण करावयाचे असेल तर मात्र कायदा हवाच, असेही न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. पंजाबच्या प्रकाशकांचा कोणताही हक्क हिरावला गेलेला नव्हता. त्यांचे एक गिऱ्हाईक गेले होते. टेंभलीच्या बाबतीत प्रश्न असा राहतो: माणसाच्या बोटांचे ठसे घेणे हा त्याच्या हक्काला हात घालण्याचा प्रकार आहे की नाही?

संसदेला याची शंका आली होती, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. विधेयक अर्थविषयक स्थायी समितीकडे गेले. श्री. यशवंत सिन्हा त्या समितीचे अध्यक्ष होते. डिसेंबर २०११ मध्ये समितीने अहवाल दिला आणि विधेयक आहे त्या स्वरूपात अमान्य केले. विधेयक संसदेपुढे पडून असताना क्रमांक वाटीत सुटणे अनैतिक आहे आणि संसदेच्या विशेषाधिकारांचा भंग करणारे आहे, इतक्या कडक शब्दांत समितीने सरकारला सुनावले. सरकारी समितीच्या संथ भाषेची ज्यांना सवय आहे त्यांना हे शब्द किती जड आहेत ते कळेल. या अहवालाचा परिणाम काय झाला? काहीच नाही. विधेयक मागे पडले. नोंदणी पुढे चालली. अमेरिकेत विधिमंडळाने नाही म्हटले की अध्यक्षाच्या हाती फारसे काही उरत नाही. आपल्याकडे विधिमंडळाच्या समितीने नाही म्हटले आणि कार्यकारी मंडळाने ते ऐकलेच नाही, कारण ज्या गोष्टीला आपण परवानगी मागितलीच नव्हती तिची परवानगी नाकारली गेल्याने काय बिघडते, असा त्याचा हिशेब होता.

२०१४ साली सरकार बदलले. विरोधी बाकांवर असताना या योजनेवर तोंडसुख घेणारा पक्ष सत्तेवर आला आणि त्याने ती योजना आपलीशी केली. पक्ष बदलतात, खुर्ची बदलत नाही. आणि खुर्चीवर बसलेल्याला वाट पाहणे आवडत नाही. हा दोष अमुक पक्षाचा असे म्हणण्याची सोय या प्रकरणाने कोणालाच ठेवलेली नाही.

दरम्यान न्यायालयाचे दार एका वृद्ध गृहस्थांनी ठोठावले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, याचिका दाखल केली. २३ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की आधार नाही म्हणून कोणाचेही नुकसान होऊ नये. पुढे २०१५ साली धान्य, स्वयंपाकाचा गॅस आणि मग रोजगार हमी, निवृत्तिवेतन अशा मोजक्या योजनांपुरता, तोही ऐच्छिक, असा त्याचा वापर सीमित करण्यात आला. त्याच सुनावणीत सरकारच्या वतीने असे सांगण्यात आले की भारतीय नागरिकाला खाजगीपणाचा मूलभूत हक्कच नाही. मग तो प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क असल्याचे जाहीर केले. त्या हक्काला मर्यादा घालावयाची तर पहिली अट कोणती? कायदा असला पाहिजे, ही. म्हणजे १९५५ च्या निकालातील विसरलेले अर्धे वाक्य पुन्हा उच्चारले गेले, आणि टेंभलीच्या बुधवारी ती अट पुरी झालेली नव्हती हे आता कोणासही दिसण्यासारखे होते.

पण तोपर्यंत घोडे येऊन पोचले होते, आणि तेही मागच्या दाराने. मार्च २०१६ मध्ये सरकारने आधार विधेयक लोकसभेत आणले ते धनविधेयक म्हणून. घटनेच्या ११० व्या अनुच्छेदाप्रमाणे केवळ कर, कर्ज, संचित निधी अशा विषयांचे विधेयक धनविधेयक ठरते. ते ठरविण्याचा अधिकार लोकसभेच्या अध्यक्षांचा. तत्कालीन अध्यक्षा श्रीमती सुमित्रा महाजन यांनी तसा दाखला दिला. धनविधेयकाला राज्यसभा अडवू शकत नाही. चौदा दिवसांत शिफारशी करून परत पाठवावे, आणि लोकसभेने त्या मानाव्यात किंवा टाकाव्यात. राज्यसभेत सरकारपाशी बहुमत नव्हते, ही गोष्ट त्या दाखल्याशी अगदीच असंबद्ध होती असे समजण्याइतके भोळे आम्ही नाही. १६ मार्च रोजी राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचविल्या. लोकसभेने त्याच दिवशी पाचही फेटाळल्या. कायदा पुस्तकात आला, आणि दहा दिवसांतच, एप्रिलच्या आरंभी, क्रमांक मिळालेल्यांची संख्या शंभर कोटींवर गेल्याचे जाहीर झाले. या कायद्यात ५९ क्रमांकाचे एक कलम आहे. २००९ च्या अधिसूचनेखाली जे जे केले गेले ते ते या कायद्याखालीच केले गेले असे समजावे, असे ते कलम सांगते. घडलेली गोष्ट घडण्यापूर्वीच तिला परवानगी होती असे ‘समजणे’, ही कल्पनाशक्ती कवींना शोभली असती.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. चार जणांनी कायदा बहुतांशी उचलून धरला, ५९ वे कलमही धरले. न्या. चंद्रचूड यांनी एकट्याने विरोध नोंदविला आणि धनविधेयकाचा मार्ग ही घटनेशी केलेली प्रतारणा आहे असे म्हटले. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये, दुसऱ्याच एका खटल्यात, धनविधेयकाविषयी बहुमताने केलेले विवेचन पुरेसे नाही असे वाटून न्यायालयाने तो प्रश्न सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. जानेवारी २०२१ मध्ये आधारच्या निकालाविरुद्धच्या पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या तेव्हा तो प्रश्न अनुत्तरितच होता, आणि न्या. चंद्रचूड यांनी पुन्हा एकट्याने, त्याच कारणास्तव, भिन्न मत लिहिले.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल की मग अमेरिकेचीच पद्धत बरी. तसे म्हणण्यापूर्वी त्याने १९४२ साल आठवावे. त्या वर्षी १९ फेब्रुवारीस अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकमाने, पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडावयास लावण्याचा अधिकार लष्कराला दिला. सुमारे एक लाख वीस हजार माणसे, त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक, छावण्यांत कोंडली गेली. काँग्रेसने त्या हुकमाला कायद्याचे पाठबळ दिले ते २१ मार्चला. म्हणजे आधी हुकूम, मग कायदा. आणि डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती हकालपट्टी वैध ठरविली. या निकालाला चूक म्हणावयास त्या न्यायालयाला २०१८ साल उजाडावे लागले. घटना तीच, अनुच्छेद तेच, फारकत तीच. पोलाद कारखान्यांच्या मालकांसाठी ती यंत्रणा आठ आठवड्यांत हलली. बागा कसणाऱ्या आणि लहानसहान दुकाने चालविणाऱ्या कुटुंबांसाठी ती पावणेतीन वर्षांनी हलली, आणि हलली ती त्यांच्या विरुद्ध. तीन सत्ता एकमेकींवर पहारा ठेवतात हे खरे. पण त्या कोणासाठी जाग्या राहतात हे पहाऱ्यात कोणाचा आवाज ऐकू जातो त्यावर ठरते.

नंदुरबारच्या डोंगराळ भागाला एकहाती कारभाराची ओळख जुनी आहे. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर येथील मेवासी नाईकांच्या मुलखात १८७४ च्या शेड्युल्ड डिस्ट्रिक्ट्स कायद्याने इंग्रज सरकारला अशी मोकळीक होती की इतरत्र चालणारा कोणता कायदा येथे चालावयाचा ते सरकारी अधिसूचनेने ठरावे. खानदेशचा कलेक्टर हाच मेवासी मुलखाचा पोलिटिकल एजंट. स्वातंत्र्यानंतर घटनेची पाचवी अनुसूची आली. संसदेचा वा विधिमंडळाचा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करावयाचा नाही, किंवा फेरफार करून लागू करावयाचा, असा अधिकार तिने राज्यपालांना दिला, तो आदिवासींच्या रक्षणासाठी. हेतू बदलला, अधिसूचनेचे वजन तेच राहिले. ज्या मुलखात कायदा हा नेहमीच वरून आलेल्या कागदाच्या रूपाने भेटला, तेथील माणसाने २०१० साली अंगठा पुढे करण्यापूर्वी ‘कोणत्या कायद्याने?’ असे विचारले नाही, यात आम्हांस नवल वाटत नाही. नवल वाटते ते आपले, म्हणजे शहरात राहणाऱ्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या मंडळींचे.

२०१० पासून २०१६ पर्यंत आपल्यापैकी बहुतेकांचे मत असे होते की रेशन घेणाऱ्यांनी अंगठा लावला तर काय बिघडते. चोर असतील ते पकडले जातील. मग बँकेचे पत्र आले. मग दूरध्वनी कंपनीचे संदेश सुरू झाले, रोज दोनदा. तेव्हा मात्र शहरातील दिवाणखान्यांत खाजगीपणाचा हक्क एकदम सर्वांना आठवला. आम्हीही त्या वेळी रांगेत उभे होतो आणि पुष्कळ उद्गार ऐकले आहेत. २०१८ च्या निकालाने आपल्याला दिलासा दिला: बँकेचे खाते आणि मोबाइल यांची सक्तीची जोडणी रद्द झाली, खाजगी कंपन्यांना दार बंद झाले, पॅन तेवढे राहिले. दिलासा मिळाला आणि दिवाणखान्यातील चर्चाही थांबली. सरकारी अनुदाने आणि लाभ यांसाठीचे सातवे कलम मात्र कायम झाले. आधार पडताळणी झाली नाही म्हणून कोणास लाभ नाकारू नये असे न्यायालयाने बजावले खरे. पण हे बजावणे स्वस्त धान्य दुकानाच्या पाट्यापर्यंत कोणी पोचवावयाचे, आणि न पोचल्यास कोणाला विचारावयाचे?

राज्यसभेच्या त्या पाच दुरुस्त्या आज पुन्हा वाचून पाहाव्यात. एक अशी होती की ज्याला या नोंदणीतून बाहेर पडावयाचे असेल त्याला पडू द्यावे. दोन दुरुस्त्या राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती उघड करण्याच्या अधिकाराला लगाम घालणाऱ्या होत्या. एक होती खाजगी कंपन्यांना वापराची मुभा देणारे ५७ वे कलम गाळण्याची. लोकसभेने एका संध्याकाळी ती टाकून दिली. अडीच वर्षांनी त्या कलमातील खाजगी कंपन्यांची मुभा न्यायालयाने आपल्या हातांनी रद्द केली. वरिष्ठ सभागृहाचे ऐकले असते तर अडीच वर्षांचा आणि अडतीस दिवसांच्या सुनावणीचा काही भाग तरी वाचला असता.

पाचवी दुरुस्ती सातव्या कलमाची होती. ज्याने आधार घ्यावयाचे नाही असे ठरविले असेल त्याला धान्य, निवृत्तिवेतन वगैरे देण्यासाठी ओळखीचा दुसरा पर्याय सरकारने ठेवलाच पाहिजे, असे तिने म्हटले होते. ही दुरुस्ती बँकेत खाते असणाऱ्याच्या कामाची नव्हती. अक्राणीच्या डोंगरात यंत्राला संदेशलहरी मिळत नाहीत म्हणून थांबलेल्या, किंवा कुऱ्हाड आणि कोयता धरून ज्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत त्या माणसाच्या कामाची ती होती. तीही त्याच संध्याकाळी फेटाळली गेली. ती मात्र पुन्हा कोणी उचललेली नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत महाराष्ट्राचे सदुसष्ट सभासद बसतात. त्यांपैकी एकाने तरी ती खाजगी विधेयक म्हणून, रीतसर कायदा आधी आणि अंमल मागून या क्रमाने, पुन्हा मांडावी असे आम्ही सुचवितो. नंदुरबारचे खासदार तिच्या खाली पहिली सही करतील तर उचित होईल.